अजराकडे लक्ष द्या

'सबुरी' पाण्यात उतरली त्या दिवशी होडेकरांच्या घराण्यात सबुरी तेवढी एकच होती, आणि तिच्यातही पाणी येत होतं.

पाणी येण्यात नवल नव्हतं. पावसाळाभर किनाऱ्यावर झावळ्यांखाली झाकून ठेवलेली लाकडी बोट पुन्हा खाडीत सोडली की फळ्या फुगेपर्यंत पाणी पितेच. बोट चालवणारा म्हातारा करीम त्याला 'रोजा सोडणं' म्हणायचा. पंप चालू ठेवायचा, चार दिवस दम धरायचा, मग पर्यटक घ्यायचे.

नवल होतं ते सुकाणूशेजारी. तिथं जुन्या खटक्यांच्या बोर्डावर प्लायवूड ठोकलं होतं आणि त्यावर काळ्या काचेचा पडदा बसला होता. त्याच्या धाकट्या लेकानं, रेहाननं मस्कतला श्रीमंतांच्या बोटी दुरुस्त करता करता हे शिकून आणलं होतं. काचेला बोट लावलं की भोंगा वाजतो, बोट लावलं की नांगर पडतो. योगायोगानं त्याच उन्हाळ्यात मिरजेच्या डॉक्टरनं करीमचे डोळे तपासून सांगितलं होतं, की साखरेनं डोळ्याचा पडदा खाल्लाय, उरलंय तेवढं जपा. म्हणजे एका वर्षात करीमचा एक पडदा गेला आणि एक आला. पहिल्याची बातमी त्यानं घरात कोणाला दिली नव्हती.

बाकीचे जेटीवर पोचायच्या आत तो एकटा बोटीवर चढला. त्याला आता जग कडेकडेनं दिसायचं, मधोमध धुकं. त्यानं प्लायवूडखालच्या फटीत हात घातला. खटके जागेवर होते. जुनी माणसं मशिदीत आपापल्या जागी बसतात तसे. प्रत्येकाला त्यानं आपल्या एकेका माणसाचं नाव दिलं होतं.

गुळगुळीत डोक्याची झोया, म्हणजे भोंगा. पोरगी झाली त्याच आठवड्यात बसवला होता आणि बरेच दिवस घरात आणि बोटीत फरक कळत नव्हता. मान मोडलेला तहा, म्हणजे नांगर. एकदा खाली गेला की वर यायला आढेवेढे घेणार. रेहान म्हणजे गाणी. भागोजी म्हणजे इंजिनच्या खोलीतला पंखा, खटका कसाही फिरवा, घूं करून हो म्हणतो. सगळ्यात शेवटी बसवलेली आलिया, पुढचा मोठा दिवा. आणि मानेला सुती दोरा गुंडाळलेली अजरा. बुडात साचलेलं पाणी उपसून बाहेर फेकणारा पंप.

आपण पंप आहोत हे करीमच्या बायकोला, अजराला माहीत नव्हतं. ती बोटीवर येतच नसे. तिची लग्नाची वरात केळशीहून लाँचनं आली तेव्हा नवरीसकट सगळ्या वरातीला ओकाऱ्या झाल्या होत्या. तेव्हापासून तिनं समुद्राशी बोलणं टाकलं होतं. मासा चालायचा, समुद्र नाही.

"नाना, हात कुठाय तुमचा?"

करीम दचकला. आलिया, त्याच्या लेकीची, झोयाची पोर, कठड्यावरून आत उडी मारून आली होती.

"खिशात."

"प्लायवूडला खिसा कधी शिवला?"

त्यानं हात काढून घेतला. आलिया जवळ येऊन हळूच म्हणाली, "बोर्ड मी काढू दिला नाय मामूला. तारापण तशाच आहेत. म्हटलं आजचा दिवस जाऊ दे."

"मला काय करायचाय बोर्ड? पडदा बेस आहे."

"पडद्यावर काय लिहिलंय?"

"तुझं नाव लिहिलंय. चोंबडी."

आलिया हसली नाही. मागच्या हंगामात ती शेजारी उभी राहून 'नाना, डावीकडं जाळी' म्हणायची आणि तो 'दिसतंय' म्हणायचा. दोघांनाही ठाऊक होतं की दिसत नाहीये. दोघांनी ते अत्तरासारखं झाकून ठेवलं होतं, म्हणजे वास येत होताच.

"सांगून टाका ना, नाना. परवाना आहे माझ्याकडं. मी सुकाणू धरते, तुम्ही शेजारी बसा."

"शेजारी बसायला पर्यटक तिकीट काढतात," करीम म्हणाला. "मी कधी काढलं नाय."

घरात तंटा एवढाच होता, पडदा की खटके, आणि तो आदल्या दिवशी थोरल्या लेकानं, तहानं कुवेतहून व्हिडिओ कॉलवर मिटवली होती. तहा घरातले सगळे तंटे कुवेतहून मिटवतो, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा मिटवावे लागतात. अब्बांनी पडदा वापरून बोट खाडीच्या तोंडापर्यंत न्यायची आणि परत आणायची. जमलं तर पडदाही राहील, अब्बाही राहतील. नाही जमलं तर दोघांतलं एक उतरेल. कोणतं, ते अम्मा बोटीवर येऊन ठरवेल. अम्मा बोटीवर येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं, म्हणून सगळे हो म्हणाले होते. अजरा फक्त म्हणाली होती, "येते की."

"बोट बोटानं चालते, डोळ्यानं नाय," करीम पुटपुटला आणि काचेच्या चौकटीवर अंगठा टेकवून वीत मोजू लागला. कडेपासून वीतभर आत झोया. तिथून दोन बोटं खाली तहा. काच सगळीकडे सारखीच गार होती. आपल्या नातलगांना कोणी सपाट करून ठेवल्यासारखं त्याला वाटलं.

*

अम्मा शिडीवरून उतरली आणि रेहान तिच्याकडे बघत राहिला. अम्मा पडेल याची भीती नव्हती. अम्मा कधीच पडत नाही. पण आत्ता, ती जीवरक्षक जाकीट बुरख्यावर चढवून पहिल्या बाकावर बसल्यावर, त्याला एक गोष्ट आठवली.

पडदा तयार करताना पुण्याच्या कंपनीतल्या मुलानं विचारलं होतं, कुठल्या बटणाला काय नाव द्यायचं. रेहाननं जुन्या बोर्डाचा फोटो नावं लिहून पाठवून दिला. लहानपणापासून त्याच्या लेखी पंपाचं नाव अजरा होतं. त्यात काही वावगं आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नाही, जसं आपल्या घराला वास असतो हे कोणाला कळत नाही. पुण्याच्या मुलानंही शंका न काढता नावं टाकली. वर बोलकी सूचना फुकट जोडून दिली. बाईचा आवाज. अत्यंत सभ्य.

"काय रे, तोंड का असं?" झोयानं विचारलं. झोयाला पडदा नको होता. पडद्याशी तिचं वैर नव्हतं; पण पडदा राहिला तर आज ना उद्या तो चालवायला आलिया उभी राहणार, कारण रेहानला खाडीच्या तोंडाशीच चक्कर येते. पोरीनं बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं झोयाचं म्हणणं होतं. त्यामुळे जन्मभर अब्बांशी भांडलेली झोया आज अब्बांच्या बाजूला होती. अब्बांनाच ते झेपत नव्हतं.

"कायपण म्हण, खटका तो खटका," ती म्हणाली. "हाताला कळतं."

"तेच तर," भागोजी म्हणाला. भागोजी करीमचा लहानपणचा दोस्त, बोटीचं इंजिन तोच सांभाळायचा.

"भागोजीकाका, खटक्यांना खारं पाणी लागून हिरवा गंज चढतो. पडद्याला नाय चढत," रेहान म्हणाला.

"तेच तर," भागोजी म्हणाला.

तहाचा फोन अजरानं वाफवून आणलेल्या सांदणांच्या डब्याला टेकवून उभा केला होता. "सुरू करा," तहा म्हणाला. "मला ड्युटी आहे."

करीमनं वीत मोजली, अंगठा टेकवला. भोंगा वाजला. पहिल्याच फटक्यात! मग दोन बोटं खाली, आणि नांगराचा दोर कुरकुरत वर आला. राजिवड्याची जेटी मागं सरकली. रेहान आ वासून बघत राहिला. त्याला वाटलं अब्बांनी रात्रभर बसून सराव केला. आलिया शेजारी उभी राहून खाडीकडे बघत होती, जरा जास्तच निवांतपणे, आणि मधेच खोकत होती. एकदा खोकली की करीम सुकाणू डावीकडे घेत होता.

भाट्याच्या पुलाला पाठ दाखवून बोट खाडीच्या मधोमध आली. सगळं ठीक चाललं होतं. अजरा डोळे मिटून तसबीचे मणी ओढत होती. तेवढ्यात पडदा टिंग करून वाजला.

"कृपया अजराकडे लक्ष द्या," सभ्य बाई म्हणाली.

अजरानं एक डोळा उघडला.

"कोण बोललं?"

रेहाननं अब्बांकडे बघितलं. अब्बांनी भागोजीकडे. आलियाच्या तोंडाला हात गेला. चौघांनाही अर्थ कळला होता: पंप नीट चालत नाहीये. पण तो सांगायचा कसा? 'अम्मा, तू नव्हेस, अजरा म्हणजे बुडातलं घाण पाणी उपसणारं यंत्र' हे वाक्य बोलायला जी छाती लागते ती मस्कतमध्ये मिळत नाही.

"मशीन बोललं," रेहान म्हणाला. "त्याला... प्रवाशांची काळजी असते."

"माझं नाव कसं माहीत त्याला?"

"सेन्सर आहे. बाकाखाली."

अजरा बाकावरून जरा सरकून बसली. झोया मात्र उठलीच. "अम्मा, तुला बरं नाय वाटत का? मशीनला कळलं आणि मला नाय कळलं! बीपीची गोळी घेतलीस?"

"मला काही झालेलं नाय."

"अजरा अपेक्षेइतकं काम करत नाही," बाई म्हणाली.

"कोण म्हणतं?" अजरा कडाडली. "पहाटेपासून उभी आहे मी! सांदणं कोणी केली?"

"किती पुढं गेलंय बघा तंत्रज्ञान," डब्याला टेकलेला तहा भारावून म्हणाला. "इथं आमच्या इस्पितळातपण असं नाय."

आता मागं फिरायची वाट नव्हती. करीमनं घसा खाकरला आणि जन्मात पहिल्यांदा बायकोला म्हणाला, "अजरा, वायच आडवी हो गो. दमलीस." अजरानं त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं, की तिला खरंच काहीतरी गंभीर झालं असणार असं झोयाला वाटलं. तिनं बाटलीत मीठ-साखर ढवळायला घेतली. आलिया वारा घालू लागली. रेहाननं काचेवर चोरून 'अजरा'ला बोट लावलं; हिरवा ठिपका पेटला, पण पाणी बाहेर पडल्याचा आवाज येईना. त्यानं भागोजीला डोळ्यानं बुडाकडे खुणावलं. भागोजीनं समजूतदारपणे मान डोलावली आणि तिथंच उभा राहिला. भागोजी सगळ्यालाच मान डोलावतो.

रेहानला वाटलं भागोजी बघेल. भागोजीला वाटलं रेहान बघतोय. करीमला वाटलं तरणी पोरं आहेत. आणि 'सबुरी' निवांत पाणी पीत राहिली.

"अजरा तातडीनं बदला," बाई म्हणाली.

वारा घालणारी आलिया थांबली.

"बदला?" अजरा उठून बसली. "बदला म्हणजे?"

*

खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे, तिथं भरतीचं पाणी आणि समुद्राची लाट एकमेकांना ओळख न देता धडकतात. अजराला ती जागा लग्नापासून पाठ होती. पहिली लाट बोटीच्या नाकाडावर आपटली, तुषार उडून थेट काचेवर बसले, आणि समुद्रानं पडद्याला बोट लावलं.

एक नव्हे, शंभर बोटं.

"झोया चालू," बाई म्हणाली, आणि भोंगा बोंबलायला लागला. झोयाच्या हातून मीठ-साखरेची बाटली पडली. "रेहान चालू," आणि छपरावरचे दोन्ही कर्णे हळदीतलं गाणं गाऊ लागले. "आलिया चालू. आलिया बंद. आलिया चालू." भर उन्हात पुढचा दिवा डोळे मिचकावू लागला. "भागोजी चालू." भागोजीनं मान डोलावली.

"तहा खाली जात आहे."

"मी?" तहा डब्यावरून ओरडला. "कुठं?"

दोर सळसळला, नांगर वाळूत रुतला, बोटीला हिसका बसला आणि तहा डब्यासकट खरंच खाली गेला. "तहा खाली पोचला आहे," बाई म्हणाली.

करीम काचेवर वीत मोजत होता. कडेपासून वीतभर, दोन बोटं खाली. पण पाण्यानं भिजलेल्या काचेला आता त्याचं बोट आणि लाटेचं बोट सारखंच होतं. तो दाबायचा तहा, लागायचा रेहान. अजरानं त्याचा हात बघितला. काचेवर चाचपडणारा, अंडं शोधणाऱ्या माणसासारखा हात. मग तिनं त्याचे डोळे बघितले. ते काचेकडे नव्हतेच. ते जरा बाजूला, कुठंतरी तिच्या खांद्याच्या दिशेनं बघत होते.

आणि तेव्हाच तिच्या पायाला काहीतरी गार लागलं. तिची एक चप्पल तिच्या समोरून संथपणे मागच्या बाजूला निघाली होती.

"अरे मेल्यांनो," अजरा शांतपणे म्हणाली, "मला काही झालेलं नाय. तुमची बोट बुडतेय."

सगळ्यांनी खाली बघितलं. फळ्यांच्या वर घोटाभर पाणी आलं होतं.

"अजरा बंद आहे," बाई म्हणाली. "अजराला वीज पोचत नाही."

"ही कुठली अजरा?" आता अजरानं विचारलं, सरळ नवऱ्याला. भोंगा वाजत होता, कर्णे गात होते, पण तिचा प्रश्न सगळ्यांना ऐकू आला.

"पंप," करीम म्हणाला. "पंपाचं नाव अजरा आहे."

"कधीपासून?"

"बसवला तेव्हापासून. बाकी काहीपण बंद पडलं तरी चालतं. दिवा गेला, अंधारात येऊ. भोंगा गेला, बोंब मारू. इंजिन गेलं तर वल्ही आहेत. अजरा गेली तर बोट जाते." तो थांबला. "म्हणून ठेवलं. दुसरं काही नाव सुचलं नाय."

झोयानं अब्बांकडे बघितलं. आपण भोंगा का आहोत हे विचारायची ही वेळ नव्हती, ते तिनं नंतरसाठी राखून ठेवलं.

"मग चालू करा की तिला!"

करीम खाली बसला. त्यानं प्लायवूडच्या फटीत बोटं घातली आणि ते ओढून फोडलं. बोर्ड उघडा झाला. त्यानं बोर्डाकडे बघितलंसुद्धा नाही. गुळगुळीत डोकं खाली, भोंगा गप्प. पुढचं खाली, कर्णे गप्प. मोडकी मान वर, तहा कुरकुरत वाळूतून सुटायला लागला. एवढ्या गोंधळानंतरची ती शांतता अशी आली की झोयाला रडूच फुटलं. मग त्याचा अंगठा दोऱ्यावर थांबला. खटका ओढला.

काहीच नाही. पुन्हा ओढला. खटका वाजला, पंप नाही.

"खटका तो खटका," रेहान म्हणाला, पण त्यात टोमणा नव्हता.

आलिया पालथी पडून बोर्डाच्या मागं डोकावत होती. "मामू, तू पडद्याची तार कुठं जोडलीस?"

"जुन्यालाच. त्याच टोकाला."

"मग बरोबर. बाई सांगतेय तेच. पंप धड आहे, वीज पोचत नाय. टोक हिरवंगार झालंय, नाना. नुसता गंज. पडदा असो की खटका, दोघं एकाच गंजावर उभे आहेत. काहीतरी टोकदार द्या. खरडायला."

सगळ्यांनी खिसे चाचपले. रेहानकडे फोन होता, भागोजीकडे तंबाखू. हत्यारांची पेटी बुडातल्या पाण्याखाली होती. अजरानं हनुवटीखालची मोठी पिन काढली आणि पुढं केली.

"घे. माझंच आहे ना ते."

आधी आलियानं बॅटरीचा मुख्य खटका पाडला. बाई अर्ध्या शब्दात गप्प झाली. मग ती खरडत राहिली. करीमनं तार धरून ठेवली, त्याला तारेची जागा सांगावी लागली नाही. लाट आली की बोट वाळूकडे ढकलली जायची आणि रेहान, हिरवा-पिवळा पडलेला रेहान, बांबूनं तिला दूर रेटत होता. झोया आणि भागोजी सांदणाचा डबा रिकामा करून पाणी उपसत होते. सांदणं अजराच्या मांडीवर होती.

"बास," आलिया म्हणाली आणि मुख्य खटका चढवला. "नाना, आता."

करीमनं दोऱ्यावर अंगठा ठेवला. बोटीच्या कुशीतून आधी एक ढेकर आला, मग मनगटाएवढी काळी धार बाहेर कोसळू लागली.

"अजरा चालू आहे," जागी झालेली बाई म्हणाली.

"होय," अजरा म्हणाली. "कळलं."

*

पाणी उतरत होतं. चप्पल परत आली. तहाला कोणीतरी पाण्यातून काढून पुसलं. फोन चालू होता. "काय ठरलं?" त्यानं लगेच विचारलं. "पडदा उतरणार की अब्बा?"

आलिया सुकाणूपासून दोन हात लांब उभी होती. तिला पुढं व्हायचं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. आणि ती होणार नव्हती, हेही. तिनं नानांकडे बघितलं आणि खोकली. सवयीनं. उजवीकडं वाळू होती.

करीम हलला नाही. सुकाणू त्यानं दोन्ही हातांनी धरलं होतं.

"मला दिसत नाय," तो म्हणाला. "मधोमध काही दिसत नाय. मागच्या हंगामापासून. ही पोरगी खोकते म्हणून चाललंय."

"म्हणजे तुला खोकला नाय?" झोयानं लेकीला विचारलं. "मी तुला अडुळशाचा काढा देतेय एवढे दिवस!"

"पीत होते ना मी," आलिया म्हणाली.

"अम्मा," रेहान म्हणाला, "तू ऐकलंस?"

अजरानं एक सांदण उचललं, वरचं समुद्राचं पाणी झटकलं, आणि नवऱ्याच्या हातात दिलं. हात शोधून, तळव्यावर ठेवून. "ऐकायचं काय त्यात? दोन वर्षं मी काटे काढून मासा वाढतेय ह्यांना. ह्यांना वाटलं, समुद्रात मासेच बिनकाट्याचे झाले."

करीमनं सांदण धरलं. "मला वाटलं," तो म्हणाला, "तू सुरमई चांगली निवडायला लागलीस."

भागोजी हसला. आधी तोच हसला, कोणाचंही ऐकून नव्हे, स्वतःहून. मग सगळ्यांनाच आवरेना. तहा तिकडे एकटाच ड्युटीच्या कपड्यांत हसत होता आणि कोणी विचारलं तर काय सांगायचं या काळजीत होता.

"ठरव आता, अजरा," करीम म्हणाला. "तुझ्यावर सोपवलंय."

"ठरवायचं काय? आलिया, धर गो ते."

"अम्मा!" झोया म्हणाली. "बँकेच्या परीक्षा..."

"बँक बुडाली तर ही काय करणार आहे? इथं बुडाली तर निदान हिला येतं काहीतरी." अजरानं पिन परत हनुवटीखाली लावली. "आणि तुझं नाव भोंग्याला का दिलंय ते मला आत्ता कळलं."

करीमनं सुकाणूवरचा एक हात काढला. मग दुसरा. आलियानं सुकाणू धरलं तेव्हा ते अजून त्याच्या हातानं ऊबदार होतं. झोया काहीतरी म्हणणार होती, पण समोरून लाट येत होती आणि पोरगी तिच्याकडे बघत नव्हती, लाटेकडे बघत होती, अगदी अब्बा बघायचे तशी, डोळे बारीक करून. झोयानं कठडा धरला आणि म्हणाली, "हळू घे."

"हळूच घेते."

"मी उतरतो तर मग," करीम म्हणाला. "जेटीला लागलो की."

"कुठं उतरता?" अजरा म्हणाली. "तो बोर्ड कोण बघणार? त्या बाईला पाणी उडालं की वेड लागतं, बघितलंत ना? पण पाणी भरतंय हे तिनंच पहिल्यांदा सांगितलं. तुम्हाला कोणाला कळलं होतं? मला मीठ-साखर पाजत बसलात." ती रेहानकडे वळली. "दोन्ही ठेव. तारा वेगळ्या कर, एका गंजावर दोघांना बसवू नको. आणि काचेवर टोपी घाल, डोक्यावर पाणी पडणार नाय अशी. जमेल ना?"

"जमेल," रेहान म्हणाला. "आणि नावं बदलतो, अम्मा. पंप, भोंगा, नांगर, असं सरळ..."

"माझं नाव राहू दे. फक्त ते 'बदला' काढ." मग ती पडद्याजवळ गेली आणि नाक टेकेल इतक्या जवळून बघत राहिली. "सगळे आहेत ह्यात. ह्यांचं नाव कुठाय?"

रेहाननं बघितलं. जुन्या बोर्डावरही नव्हतं. बोर्ड लावणाऱ्या माणसानं घरातल्या सगळ्यांना एकेक खटका दिला होता, भागोजीलासुद्धा. स्वतःला दिला नव्हता.

"खटकेच संपले होते," करीम म्हणाला.

*

पर्यटकांची पहिली फेरी नारळी पौर्णिमेनंतर बऱ्याच दिवसांनी, समुद्र वायच निवळल्यावर निघाली. साताऱ्याकडची मंडळी होती, जाकिटं घालून फुगून बसलेली. आलिया सुकाणूवर होती. तिच्या डाव्या बाजूला एका ठेंगण्या स्टुलावर एक म्हातारा पडद्याकडे पाठ करून बसला होता, आणि त्याचा हात बोर्डावर होता.

"ते आजोबा काय करतात?" एका बाईनं विचारलं.

"बोटं ठेवून बसतात," आलिया म्हणाली.

खाडीच्या तोंडाशी लाट आली. रेहाननं काचेवर पत्र्याची टोपी बसवली होती, पण समुद्राला टोपी कोण घालणार? तुषार आतून वळसा घालून आले आणि पडदा फडफडला. साताऱ्याची मंडळी दचकून एकमेकांना धरून बसली. पण या वेळी भोंगा वाजला नाही, नांगर सुटला नाही. काच काळी झाली आणि सभ्य बाई नेहमीच्याच सुरात म्हणाली,

"पडदा चालत नाही. कृपया करीम वापरा."

म्हाताऱ्यानं मान वर केली. दोरा गुंडाळलेल्या खटक्यावर त्याचा अंगठा आधीच टेकलेला होता.

"हजर," तो म्हणाला.